“प्रार्थनेत आठवण ठेवा” म्हटल्यावर पुढे काय? मंडळीत एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची रीत

रविवारची उपासना संपते. फाटकाबाहेर स्कूटर काढता काढता कुणीतरी हळूच म्हणतं, “काकू, प्रार्थनेत आठवण ठेवा हं.” आपण म्हणतो, “हो हो, नक्की.” आणि पलासियाच्या सिग्नलपर्यंत पोचेस्तोवर विसरून जातो. मी अशी किती वेळा विसरले याचा हिशेब देवाकडेच आहे. विसरण्यात दुष्टपणा नसतो, पण समोरच्याने ते आपल्यावर सोपवलेलं असतं आणि पुढच्या रविवारी तो आपल्या तोंडाकडे बघतो.

इंदूरमध्ये आम्ही मराठी ख्रिस्ती घरं थोडी. उपासना हिंदीत होते, घरात मराठी चालते, आणि दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सात-आठ जण प्रार्थनेला जमतात. त्या गटाची वही बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे. ती सांभाळताना एक गोष्ट कळली. आम्हाला प्रार्थना करता येत होती. दुसऱ्याने दिलेली विनंती सांभाळता येत नव्हती. म्हणून या लेखात सुंदर प्रार्थना कशी करावी ते फार सापडणार नाही. विनंती कशी घ्यावी, कुठे ठेवावी, कुणाला सांगू नये आणि परत जाऊन काय विचारावं, हेच जास्त आहे.

आधी विनंती नीट घ्या

“मुलासाठी प्रार्थना करा.” बरं, पण मुलाचं काय? नोकरी, लग्न, दारू, की परीक्षा? संकोचाने आपण विचारत नाही आणि मग “प्रभू, त्या मुलाला आशीर्वाद दे” अशी गुळमुळीत प्रार्थना होते. बार्तीमय आंधळा होता हे सगळ्या यरीहोला दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच, “मी तुझ्यासाठी काय करावं?” (मार्क १०:५१). आपणही विचारावं. तीन प्रश्न पुरतात.

पहिला, “देवाकडे नेमकं काय मागू?” आमच्या गटातल्या एका बाईंचं ऑपरेशन ठरलं होतं. मी गृहीत धरलं की ऑपरेशन नीट व्हावं एवढंच मागायचं. विचारल्यावर म्हणाल्या, “त्याचं डॉक्टर बघतील. पुण्याच्या लेकीला हे सांगायचा धीर मला होत नाहीये, तेवढा धीर माग.” न विचारता महिनाभर मी भलतंच मागत बसले असते.

दुसरा, “हे कुणाकुणाला सांगू?” तिसरा, “पुन्हा कधी विचारू?” हा तिसरा प्रश्न ऐकला की माणसाचा चेहरा बदलतो. परत येणारं कुणीतरी आहे हे त्याला कळतं.

आणखी एक. फाटकातच दोन मिनिटं असतील तर तिथेच, स्कूटरच्या बाजूला उभं राहून, दोन वाक्यांची प्रार्थना करून टाका. विसरण्यावर याच्याइतका जालीम उपाय मला सापडलेला नाही.

वही

मोबाईलमध्येही लिहिता येईल, पण मोबाईल नातवंडांच्या हातात जातो. माझी साधी दोनशे पानी वही आहे, कपाटात खाली ठेवलेली. सहा रकाने आखलेत: तारीख, नाव, विनंती (ज्याची त्याच्याच शब्दांत), कुणाला सांगायची, पुन्हा विचारायची तारीख, आणि शेवटचा “पुढे काय झालं”. चौथ्या रकान्यात एकच अक्षर लिहिते. ‘म’ म्हणजे मंडळीत, सगळ्या चर्चमध्ये, सांगितलं तरी चालेल, ‘ग’ म्हणजे फक्त गटात, आणि ‘मी’ म्हणजे माझ्यापुरतं. आजारपणं बहुतेक ‘म’ असतात असं सुरुवातीला वाटायचं. मोजल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त नोंदी ‘मी’ निघाल्या.

रोज सगळी वही वाचून प्रार्थना करायला जाऊ नका. चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि नावं यादीसारखी भराभर वाचली जातात. मी वार वाटून घेतले आहेत: सोमवारी आजारी माणसं, मंगळवारी परगावी शिकणारी मुलं, बुधवारी नोकरी-धंदा, असं. रोज पाच-सहा नावंच, पण नाव घेतल्यावर तो माणूस डोळ्यांसमोर येईपर्यंत थांबायचं. ज्याचं ऑपरेशन किंवा मुलाखत त्या दिवशी आहे तो वार सोडून पुढे येतो. गटात चौघं असतील तर नावंही वाटून घ्यावीत. सगळ्यांनी सगळ्यांसाठी म्हटलं की बऱ्याचदा कुणीच कुणासाठी करत नाही.

इस्राएल लोकांनी राजा मागून आपला संदेष्टा शमुवेल याला बाजूला सारलं, तरी तो म्हणाला की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडलं तर तो माझ्याकडून परमेश्वराविरुद्ध अपराध होईल (१ शमुवेल १२:२३). न करणं हाही अपराध, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मला त्याची गरज पडते.

गुपित

इथे जरा थांबते, कारण मंडळीतली प्रार्थना सगळ्यात जास्त इथेच नासते.

पंधराएक वर्षांपूर्वी एका आईने तिच्या मुलीच्या आजाराबद्दल मला सांगितलं. मी ते भगिनी मंडळाच्या सभेत “प्रार्थनेसाठी” म्हणून सांगून टाकलं. हेतू चांगला होता, हे मी तेव्हा दहा वेळा म्हटलं. तीन आठवड्यांत ती गोष्ट मुलीच्या होणाऱ्या सासरी पोचली आणि बोलणी मोडली. ती आई आजही माझ्याशी नीट बोलते, हा तिचा मोठेपणा. त्यानंतर मी वहीत चौथा रकाना आखला.

प्रार्थनेच्या नावाखाली चुगली करायची आपल्याकडे छान सोय आहे. डोळे मिटायचे आणि सुरू करायचं, “हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की अमक्याची सून तीन महिन्यांपासून माहेरी आहे...” त्याला ठाऊक आहे ना? मग आम्हाला कशाला ऐकवतोस बाबा? गटात असं सुरू झालं तर प्रमुखाने मध्येच स्तोत्र सुरू करावं. मी दोनदा केलंय. लोक दचकतात, पण समजतात.

व्हॉट्सॲप गटासाठी आम्ही ठरवलेले नियम असे. ज्याची विनंती, त्यानेच टाकायची किंवा त्याच्या होकाराने. आयसीयूतले फोटो नाहीत. रिपोर्टचे फोटो नाहीत. गरोदरपण, लग्नाची बोलणी, नवरा-बायकोतले वाद, कर्ज, यातलं काही गटावर नाही. दुसरीकडून आलेल्या “तातडीची प्रार्थना, पुढे पाठवा” छापाच्या संदेशांना तर मुळीच जागा नाही. त्यातली कित्येक माणसं आपल्याला कधी भेटणारीही नसतात. एचआयव्हीबाबत हा नुसता शिष्टाचार नाही. विश्वासाने सांगितलेली अशी माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

नाव न घेताही प्रार्थना होते, हे लक्षात ठेवा. “आमच्यातल्या एका घरासाठी” एवढं पुरतं. मात्र आमच्यासारख्या छोट्या मंडळीत “एक बहीण, जिचे यजमान रेल्वेत आहेत” म्हटलं की नाव घेतल्यासारखंच होतं, तेव्हा वर्णन करू नका.

पण प्रत्येक गुपित पोटात ठेवायचं नसतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली (२०१२) ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. पाळकही (चर्चचे धर्मगुरू) त्यातून सुटत नाहीत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. बाईला मारहाण होत असेल तर “प्रार्थना कर, सहन कर” म्हणून तिला परत पाठवू नका. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला द्या आणि रात्री राहायला जागा आहे का ते विचारा. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर एकटं सोडू नका, १४४१६ ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन तुमच्यासमोरच लावून द्या. मग प्रार्थना करा. म्हणून मी विनंती घेताना आधीच सांगते, “मी कुणाला सांगणार नाही, पण जिवावर बेतणारं असेल तर सांगेन.”

गुरुवारची बैठक

गट आठाच्या वर गेला की दोन गट करा. आठाच्या वर माणसं बोलत नाहीत, ऐकतात. वेळ ठरलेली असावी. आम्ही सातला सुरू करून आठला आमेन म्हणतो, कारण कुणाची पहाटेची शिफ्ट असते, कुणाला शेवटची सिटी बस गाठायची असते. खाणं प्रार्थनेनंतर, आणि तेही साधं. एके काळी यजमानीण बाई तीन पदार्थ करायला लागल्या, मग दुसरीने चार केले, आणि ज्यांना परवडत नव्हतं ती घरं बैठक घ्यायला नाही म्हणू लागली. आता चहा आणि शेव, बस. इंदूरमध्ये शेव कुणाच्या घरात नसते?

सुरुवातीला एक स्तोत्र, एक छोटा उतारा, त्यावर प्रवचन नाही. मग मागच्या आठवड्याच्या नोंदींपैकी काय झालं ते आधी, नव्या विनंत्या त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. नव्या विनंत्यांनी वेळ संपतो आणि आभार मानायचे राहून जातात. नव्या विनंत्यांनाही दहा मिनिटांची मर्यादा ठेवा. कित्येक गटांत पंचेचाळीस मिनिटं दुखणी सांगण्यात जातात आणि प्रार्थना उरते पाच मिनिटं.

मोठ्याने प्रार्थना करताना

चार वाक्यं पुरतात: कुणासाठी, काय मागतो, देवाच्या कुठल्या वचनाच्या आधाराने, आणि येशूच्या नावाने आमेन. शब्दांची पुनरुक्ती करून काही मिळत नाही हे स्वतः प्रभूनेच सांगितलंय (मत्तय ६:७). तरी आपल्यातल्या काहींना “पित्या, पित्या, पित्या” म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नाही. ते राहू द्या, सवय आहे. पण प्रार्थनेतून समोरच्याला उपदेश करणं मात्र बंद करा. “प्रभू, याला आपल्या आईवडिलांचा मान राखायची बुद्धी दे” हे देवाला नाही, त्या पोराला सांगितलेलं असतं, आणि पोराला ते कळतं.

भाषेबद्दल एक. आमच्याकडची मराठी माणसंही सार्वजनिक प्रार्थना हिंदीत करतात, वर्षानुवर्षांच्या सवयीने. एक वयस्कर मावशी चर्चमध्ये जन्मभर “हे पिता परमेश्वर” म्हणत आल्या. भुलीतून जागं होताना त्यांच्या तोंडून आलं, “हे स्वर्गीय पित्या, मला जवळ घे.” तेव्हापासून मी आजाऱ्याच्या बाजूला बसले की विचारते, “मराठीत करू की हिंदीत?” बहुतेक जण पडल्या पडल्या हसतात आणि म्हणतात, मराठीत.

ज्याला मोठ्याने जमत नाही त्याला भरीस पाडू नका. त्याने स्तोत्रसंहितेतले दोन श्लोक वाचावेत. १३ वं किंवा १२१ वं कुठेही चालतं. नुसतं “आमेन” म्हणणाराही प्रार्थनेत सामील असतो. आणि शांत बसायला घाबरू नका. शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोम ८:२६), मग आपण ती जागा बडबडीने का भरावी? डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. बायकांसाठी बाईनेच ठेवावा, हे आमच्याकडे न सांगता पाळलं जातं.

हॉस्पिटलमध्ये

एम. वाय. च्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, जनरल वॉर्डात किंवा कुठल्याही नर्सिंग होममध्ये, दोघांनी जा, दहा मिनिटं थांबा. भेटीची वेळ पाळा. खाटेवर बसू नका. ‘आमच्या चुलत सासऱ्यांनाही हेच झालं होतं’ ही गोष्ट कितीही ओठावर आली तरी गिळा, विशेषतः ते चुलत सासरे आता नसतील तर. रुग्णाला विचारा की प्रार्थना हवी आहे का. थकलेला माणूस “आज नको” म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, संत्री ठेवा आणि या. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाऊ नये इतपतच ठेवा. तिथे दुसऱ्याचा माणूस झोपलाय. शेजारच्यांनी आपणहून “आमच्यासाठीही करा” म्हटलं तर करावी, आपण होऊन त्यांच्या खाटेकडे वळू नये.

याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. नीट वाचा: बोलवायचं आजाऱ्याने आहे. इंदूरला १८७७ मध्ये आलेले मिशनरी कॅनडाचे प्रेस्बिटेरियन होते, त्यामुळे मंडळीचे निवडलेले ‘वडील’ ही व्यवस्था आमच्याकडे जुनी. १९७० मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तरी तो शब्द तोंडात राहिला. पण वडिलांना घरी बोलवता येतं, हे नव्या घरांना माहीतच नसतं. सूचना देताना दोन महिन्यांतून एकदा ते सांगा आणि कुणाला फोन करायचा तेही सांगा.

औषध बंद करा असं कुणी प्रार्थनेच्या जोरावर सांगत असेल तर त्याला गटातून बाहेर ठेवा. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि प्रेषित असूनही पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारी सोडून पुढे जावं लागलं (२ तीमथ्य ४:२०).

हात-पाय

उघड्या-उपाशी भावाला “खुशाल जा, ऊब घे, पोटभर जेव” म्हणून वाटेला लावणाऱ्यांबद्दल याकोबाने जे लिहिलंय (२:१५-१६) ते आपल्या प्रार्थना सभांनाही लागू होतं. म्हणून वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एकदा स्वतःला विचारते, यातलं काही माझ्या हातात आहे का? ॲडमिट असलेल्याच्या घरी डबा, त्याच्या मुलाला शाळेतून आणणं, रात्री वॉर्डात बसायला पाळी. कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचललं, छप्पर उघडलं, आणि येशूने “त्यांचा विश्वास” पाहिला (मार्क २). त्या चौघांच्या तोंडची प्रार्थना मार्काने लिहिलेलीच नाही.

पैशाची मदत असेल तर ती गटात जाहीर करू नये. दोघांनी मिळून द्यावी, लिहून ठेवावी.

उत्तर येत नाही तेव्हा

मिळालेल्या उत्तरांची साक्ष सगळे देतात. न मिळालेल्यांचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. माझ्या वहीत शेवटच्या रकान्यात “गेले” असं कितीतरी ठिकाणी आहे. त्या घरी जाऊन काय बोलायचं? मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते, तोंड उघडल्यावर बिघडलं. “विश्वास कमी पडला असेल” हे वाक्य कुठल्याही ख्रिस्ती माणसाने कुठल्याही शोक करणाऱ्याला कधीही बोलू नये. पौलाने देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही (२ करिंथ १२). त्याच्या विश्वासाला कुणी नावं ठेवत नाही.

मृत्यूनंतर नोंद बंद करू नका, ती मागे राहिलेल्यांच्या नावावर करा. चाळिसाव्या दिवसानंतर घरी कुणी येत नाही. पुन्हा विचारायची तारीख तेव्हाची घाला.

काही विनंत्यांचं वय आपल्यापेक्षा मोठं होतं. इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडल्यावर सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न तीस वर्षांच्या वर चालला. सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, ऐन नाताळात. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते, पैसे मागणारे हात त्यांच्या बायकामुलांचे झाले होते. अशा विनंतीला दर गुरुवारी नवे शब्द कुठून आणायचे? आणू नयेत. नाव घ्यायचं, “प्रभू, अजून” म्हणायचं, पुढे जायचं. न्यायाधीशाकडे सारखी जाणारी विधवा (लूक १८) रोज नवं भाषण करत नव्हती.

उलटही होतं. प्रेषित पेत्र तुरुंगात असताना मंडळी मार्काची आई मरीया हिच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करत होती, आणि तो सुटून दारात येऊन उभा राहिला तर निरोप आणणाऱ्या दासीला म्हणाले, “तुला वेड लागलंय” (प्रेषितांची कृत्ये १२). आमच्या गटात एकाला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा आम्हीही आधी “खरंच?” असंच म्हटलं होतं.

दोन नावं राहून जातात

एक पाळकांचं. सगळ्यांच्या विनंत्या त्यांच्याकडे, त्यांना विचारणारं कुणी नाही. पौल सरळ लिहितो, “आमच्यासाठी प्रार्थना करा” (१ थेस्सल ५:२५). पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना वेगवेगळं विचारा, कारण उत्तरं वेगळी येतात.

दुसरं, ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं. मंडळीत कमिटीवरून, जागेवरून, बाकावर कोण बसतं यावरूनही भांडणं होतात. ईयोबाचे दिवस पालटले ते त्याने त्याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर (४२:१०). मी असं एक नाव शनिवारी ठेवलंय. “त्याला सुधार” एवढंच मागून भागत नाही. त्याच्या गुडघेदुखीसाठी, त्याच्या नातीच्या परीक्षेसाठी मागावं लागतं. पहिले सहा महिने दातओठ खाऊन केलं. आता निदान दात सुटलेत.

जुन्या वहीचं काय

वही भरली की माळ्यावर टाकू नका. तिच्यात लोकांची आजारपणं, कर्जं, घरातली भांडणं आहेत, आणि उद्या आपण नसू तेव्हा ती रद्दीवाल्याकडे जाईल. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेआधी मी जुनी वही घेऊन बसते. ज्यांचं “पुढे काय झालं” लिहून झालंय त्यांचे एकदा आभार मानते. ज्यांचं नाही, ते नव्या वहीत उतरवते, पहिल्या विनंतीची मूळ तारीख तशीच ठेवून. मग जुनी वही पानं-पानं फाडून बादलीत भिजवते, अक्षरं विरघळेपर्यंत. गेल्या वर्षी नव्या वहीत अकरा नावं उतरली. त्यातल्या एकापुढे २०१४ सालची तारीख आहे.